तोडल्याचा दाखला, न तोडल्याचा दाखला

शासनाच्या कोणत्याही नियमाला दोन अंगे असतात. पहिले अंग राजपत्रात छापून येते: काय करावे, काय करू नये आणि न ऐकल्यास दंड किती. दुसरे अंग म्हणजे नियम पाळला गेला हे कोणी, कोणापुढे आणि कोणत्या कागदाने सिद्ध करायचे, याची व्यवस्था. नियमांची चर्चा करताना आपण बहुधा पहिल्या अंगाविषयीच बोलतो. नोकरीची बरीच वर्षे फायलींच्या सहवासात घालवल्यावर माझे मत असे झाले आहे की, नियमाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे या दुसऱ्या अंगावरून ठरते. युरोपीय संघाच्या जंगलतोडविरोधी कायद्याविषयी गेली दोन-तीन वर्षे जे काही लिहिले-बोलले जात आहे, ते वाचताना हे मत अधिकच पक्के झाले. कोलकात्यात बसून हा विषय पाहिला तर त्याला पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळाचा पूर्वेतिहास आहे असे लक्षात येते. आपल्याकडील चर्चेत तो सहसा येत नाही, म्हणून हा लेख. (शहराचे 'कोलकाता' हे नाव २००१ साली अधिकृत झाले, त्यापूर्वीच्या काळासाठी मी 'कलकत्ता' असेच लिहिणार आहे.)

प्रथम कायद्याची ओळख करून घेऊ. युरोपीय संघाने २०२३ साली हा कायदा केला आणि तो त्याच वर्षी २९ जूनला अस्तित्वात आला. गुरे, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड अशा सात वस्तू व त्यांपासून बनलेले अनेक पदार्थ त्याच्या कक्षेत घेण्यात आले. यांपैकी कोणताही माल युरोपच्या बाजारात आणायचा असेल, तर तो ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून मोकळ्या केलेल्या जमिनीवरचा नाही आणि ज्या देशात तो पिकला तेथील कायद्यांनुसार पिकला आहे, असे आयातदाराने दाखवायचे. त्यासाठी ज्या तुकड्यावर माल पिकला त्याचे अक्षांश-रेखांश द्यायचे, तेही दशांश चिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत. तुकडा ४ हेक्टरपेक्षा मोठा असेल (गुरांचा अपवाद सोडून), तर नुसता एक बिंदू चालत नाही. संपूर्ण हद्द आखून द्यावी लागते. कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा कंपनीच्या युरोपातील वार्षिक उलाढालीच्या किमान ४ टक्के असली पाहिजे, अशी तरतूद आहे. कायदा आयातदाराला बांधतो खरा, परंतु आयातदार तीच कागदपत्रे निर्यातदाराकडे मागतो, निर्यातदार व्यापाऱ्याकडे, व्यापारी दलालाकडे आणि दलाल शेतकऱ्याकडे. पाण्याप्रमाणे हा भारही उताराकडे वाहतो.

या सात वस्तूंत चहा नाही. कोलकात्याच्या दृष्टीने हीच सर्वांत कुतूहलाची गोष्ट आहे. ज्या शहरात २७ डिसेंबर १८६१ रोजी भारतातील चहाचा पहिला जाहीर लिलाव झाला, जेथे आजही चहा मंडळाचे मुख्य कार्यालय आहे, आणि जेथील चहाच्या लिलावाची सुप्रसिद्ध इमारत ज्या जुन्या निळीच्या बाजाराच्या जागी उभी राहिली त्याच्याच नावाने 'नीलहाट' म्हणून ओळखली जाते, त्या शहराच्या मुख्य मालाला हा कायदा शिवत नाही. याचा अर्थ चहाने जंगल तोडले नाही असा घ्यायचा का? वस्तुस्थिती अशी आहे की ईशान्य भारतात निर्यातीच्या पिकासाठी पद्धतशीर जंगलतोड झाली ती प्रथम चहासाठीच, आणि ती सरकारी नियमाविरुद्ध झाली नाही. नियमाने तसे करायलाच सांगितले होते.

१८२६ च्या यांदाबूच्या तहाने आसाम कंपनी सरकारच्या ताब्यात आला. १८३३ साली चीनच्या व्यापारातील कंपनीची मक्तेदारी संपली आणि पुढच्याच वर्षी लॉर्ड बेंटिंकने कलकत्त्यात चहा समिती नेमली. आसामच्या जंगलात चहाचे झाड रानटी अवस्थेत वाढते हे तोवर कळले होते. प्रश्न होता तो जमिनीचा आणि भांडवलाचा. मार्च १८३८ मध्ये सरकारने पडीत जमिनी देण्याचे नियम केले. हे नियम वाचताना आजच्या वाचकाला थोडे दचकायला होते. जमिनीचा तुकडा १०० एकरांहून लहान मिळत नसे, आणि मागणी करणाऱ्याजवळ एकरी निदान ३ रुपयांचे भांडवल असावे अशी अट होती. म्हणजे गावच्या कुळाचा प्रश्न पहिल्याच कलमात मिटला. मिळालेल्या क्षेत्राचा चौथा हिस्सा कायमचा सारामाफ. उरलेल्या तीन हिश्शांवर जमीन गवताळ असेल तर ५ वर्षे सारा नाही, बोरू-वेताचे रान असेल तर १० वर्षे नाही, आणि झाडांचे जंगल असेल तर २० वर्षे नाही. जेवढे रान दाट तेवढी सूट मोठी. या उदारपणाच्या बदल्यात एकच मुख्य अट होती: पाचव्या वर्षाअखेर क्षेत्राचा चौथा हिस्सा साफ होऊन लागवडीखाली आला पाहिजे, नाहीतर जमीन सरकारजमा.

१८५४ च्या सुधारित नियमांनी ९९ वर्षांचे पट्टे दिले आणि अटीचे वेळापत्रकच बांधून दिले. ५ वर्षांत आठवा हिस्सा, १० वर्षांत चौथा, २० वर्षांत अर्धा आणि ३० वर्षांत पाऊण हिस्सा साफ झाला पाहिजे. जंगल तोडल्याचा दाखला हाच जमिनीवरील हक्काचा दाखला. कलकत्त्यातील एजन्सी कंपन्यांच्या कचेऱ्यांत पट्ट्यांबरोबर जे नकाशे ठेवलेले असत, त्यांत 'साफ' आणि 'राखीव रान' असे दोन रंग का असत, याचा उलगडा या अटीतून होतो.

येथे त्या वेळच्या अधिकाऱ्यांना वाईट ठरवण्याचा हेतू नाही. त्यांच्या भाषेत जंगल म्हणजे 'पडीत', पडीत म्हणजे सारा न देणारी जमीन, आणि सारा न देणारी जमीन म्हणजे प्रशासनाचे अपयश. मुंबई इलाख्यातील मोजणी अधिकारीही त्याच शब्दांत विचार करत होते. परंतु पुराव्याची व्यवस्था कशी होती हे मात्र पाहण्यासारखे आहे. जंगल तोडले की नाही हे प्रत्यक्ष पाहायला जिल्ह्याच्या ठिकाणाहून अधिकारी जाणार, तो हत्तीवरून किंवा नावेतून जाणार, आणि बहुतेक वेळा जाणारच नाही. १८६१ साली लॉर्ड कॅनिंगच्या काळात जमीन एकदम मालकी हक्काने विकण्याचे धोरण आले, साफसफाईची अट गेली आणि जमिनींचा सट्टा सुरू झाला. त्या काळातील एक किस्सा प्रसिद्ध आहे. नौगाव जिल्ह्यातील एका मळेवाल्याला वरून पत्र आले की, अमुक इतकी पडीत जमीन साफ करून तीवर चहा लावा, कारण ती 'चालू मळा' म्हणून एका कंपनीला आधीच विकून झाली आहे! १८६५-६६ मध्ये हा फुगा फुटला आणि कलकत्त्यातील कित्येक घरे बुडाली. कागदावरचा मळा आणि जमिनीवरचा मळा यांतील अंतर मोजणारा कोणी नव्हता. आज ते काम उपग्रह करतो, एवढा फरक आहे.

याच सुमारास सरकारचे दुसरे खाते उलट दिशेने चालू लागले होते. १८६४ साली वनखाते स्थापन झाले. बंगालमध्ये त्याची घडी बसवण्याचे काम कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक टॉमस अँडरसन यांच्याकडे सोपवण्यात आले. १८६५ आणि १८७८ असे दोन वनकायदे झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साल पाहिजे होता, आणि मळ्यांना पेट्यांसाठी लाकूड व चहा भाजण्यासाठी कोळसा पाहिजे होता. एक खाते रान तोडल्याबद्दल सारा माफ करत होते आणि दुसरे रान तोडल्याबद्दल दंड करत होते. दोन्ही खात्यांच्या फायली कलकत्त्यात एकाच सचिवालयात येत असत. (हा अनुभव आजच्या अधिकाऱ्यांनाही अगदीच अपरिचित नसावा.)

या इतिहासातील सर्वांत बोधक प्रकरण रबराचे आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ब्राझीलचे हेव्हिया झाड पूर्वेकडे रुजण्यापूर्वी आसामच्या जंगलातील रबराचा वड, ज्याची लहान कुंडीतील आवृत्ती आपण दिवाणखान्यात ठेवतो, तोच रबराचा मोठा स्रोत होता. डोंगराळ जमातींचे लोक त्याच्या खोडाला आणि हवाई मुळांना खाचा पाडून चीक काढत, त्याचे गोळे करून पायथ्याच्या बाजारात आणत, तेथील व्यापारी ते ब्रह्मपुत्रेच्या आगबोटींतून कलकत्त्याला पाठवत आणि कलकत्त्याहून ते लंडनला जात. मागणी वाढली तशी चीक काढण्याची घाईही वाढली. झाडे ओरबाडली जाऊन मेली. ब्रिटिश हद्दीतील झाडे संपत आली तसे चीक गोळा करणारे हद्दीपलीकडे जाऊ लागले.

चहाचे मळेही त्याच दिशेने सरकत होते. कछारमधील मळे दक्षिणेकडे लुशाई लोकांच्या शिकारीच्या रानात घुसत गेले. जानेवारी १८७१ मध्ये लुशाईंनी अलेक्झांडरपूरच्या मळ्यावर हल्ला केला, जेम्स विंचेस्टर हा मळेवाला मारला गेला आणि त्याची सहा वर्षांची मुलगी मेरी हिला ते घेऊन गेले. तिला सोडवण्यासाठी आणि जरब बसवण्यासाठी १८७१-७२ च्या हिवाळ्यात सैन्याच्या दोन तुकड्या पाठवाव्या लागल्या. ती मुलगी सुखरूप परत आली. परंतु मळ्यांच्या हव्यासापायी फौजांचा खर्च सरकारने किती दिवस सोसायचा, हा प्रश्न कलकत्त्यात उभा राहिला. उत्तर म्हणून १८७३ साली 'बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन' निघाले. 'इनर लाइन' म्हणून आज जी परवाना पद्धत अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि २०१९ पासून मणिपूरमध्येही आहे, तिचा उगम हाच.

आज आपण या रेषेकडे प्रवासी म्हणून पाहतो: परवाना काढला का, किती दिवसांचा. मूळ नियम मात्र व्यापाराचा आहे. रेषेपलीकडे परवान्याशिवाय जाणे हा गुन्हा. अशा गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाजवळ सापडलेले रबर, मेण, हस्तिदंत किंवा रानातील अन्य उत्पन्न जप्त करता येईल. आणि बाहेरच्या माणसाला रेषेपलीकडे जमिनीत किंवा तिच्या उत्पन्नात मंजुरीशिवाय हितसंबंध मिळवता येणार नाही. जप्तीच्या यादीत पहिलाच शब्द रबर हा आहे. निर्यातीचा माल नकाशावरील कोणत्या बाजूचा आहे, यावर त्याची वैधता ठरवणारा हा नियम युरोपच्या कायद्याच्या बरोबर दीडशे वर्षे आधी कलकत्त्यात लिहिला गेला.

आता पुराव्याचा प्रश्न घ्या. रबराच्या गोळ्यावर तो कोणत्या झाडाचा हे लिहिलेले नसते. तेजपूरच्या व्यापाऱ्याच्या वखारीत दहा ठिकाणचे गोळे एकत्र आले की, त्यांतला रेषेअलीकडचा कोणता आणि पलीकडचा कोणता हे विधाताच जाणे. म्हणून नियमाने माल सोडून माणूस धरला. परवाना माणसाकडे मागायचा आणि माणूस दोषी ठरला तर माल जप्त करायचा. जो स्वतः रेषेपलीकडे कधी जात नाही, केवळ गोळे विकत घेतो, त्या व्यापाऱ्यापर्यंत हा नियम सहसा पोहोचत नाही. आणि जो डोंगर उतरून गोळे घेऊन येतो त्याच्याकडे मात्र पहिली नजर जाते.

वनखात्याने दुसरा मार्ग धरला. १८७३ च्याच सुमारास तेजपूरजवळ चारद्वार येथे रबराच्या वडाची सरकारी लागवड सुरू झाली, म्हणजे उगमस्थानाविषयी शंकाच नको. योगायोग असा की, ब्राझीलच्या हेव्हियाची काही रोपे लंडनच्या क्यू उद्यानातून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली तीही १८७३ सालीच. ती जगली नाहीत. पुढे हेव्हिया सिलोन आणि मलायात रुजला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मलायाच्या मळ्यांनी जगाचा रबर बाजार काबीज केला. वडाला चीक देण्याजोगे व्हायला अनेक वर्षे लागतात. चारद्वारची झाडे पुरती वाढेपर्यंत त्यांना गिऱ्हाईक उरले नाही. आसामच्या रबराचा प्रश्न सुटला तो कोणत्याही नियमामुळे सुटला नाही.

हेव्हिया ईशान्य भारतात आला तो स्वातंत्र्यानंतर. त्रिपुराच्या वनखात्याने १९६३ साली झूम शेतीने उघड्या पडलेल्या उतारांवर मृद्संधारणासाठी त्याची लागवड सुरू केली. झूम म्हणजे आपल्याकडील कुमरी, फिरती शेती. नंतर झूम करणाऱ्या कुटुंबांना स्थिर करण्याचे साधन म्हणून रबराचा उपयोग झाला आणि आज केरळखालोखाल सर्वाधिक रबर त्रिपुरात होते. २०२१ पासून टायर कंपन्यांच्या संघटनेने रबर मंडळाच्या साहाय्याने ईशान्य भारत आणि उत्तर बंगालमध्ये २ लाख हेक्टर नवी लागवड करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. तारीख पाहा. युरोपची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० ची आणि आपला कार्यक्रम २०२१ चा. रबराचे पहिले चीक यायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे ही झाडे चीक देऊ लागतील तेव्हा त्यांच्या खालची जमीन पूर्वी काय होती, हा प्रश्न विचारला जाणार आहे.

आणि पूर्वी ती काय होती याचे उत्तर कोणाला विचारावे? भारताचे वनसर्वेक्षण एक हेक्टरहून मोठ्या, दहा टक्क्यांहून अधिक छत्र असलेल्या कोणत्याही वृक्षाच्छादित जमिनीला वनाच्छादन मानते, मग ती कोणाच्याही मालकीची असो आणि तीवर कोणतेही झाड असो. त्यामुळे रबराची बागही त्यांच्या नकाशात हिरवी दिसते. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातील आदेशात वन म्हणजे शब्दकोशातील अर्थाचे वन, आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंदलेले कोणतेही क्षेत्र, असे सांगितले. युरोपच्या कायद्यात अर्धा हेक्टर, पाच मीटर उंची आणि दहा टक्के छत्र असे माप आहे, परंतु शेतीच्या वापरातील लागवड त्यातून वगळलेली आहे. म्हणून रबराची बाग तेथे वन नव्हे. त्रिपुरातील ज्या कुटुंबाला वनहक्क कायद्याखाली पट्टा मिळाला आहे त्याची जमीन दप्तरात वन, डोळ्यांना शेत, एका नकाशात हिरवी आणि दुसऱ्यात पिवळी. झूमचा तर स्वभावच असा की, दोन वर्षे शेत आणि आठ वर्षे रान. ३१ डिसेंबर २०२० रोजी त्या तुकड्याची पाळी कोणती होती, यावर त्या कुटुंबाच्या मालाचे भवितव्य अवलंबून राहावे, यात मला तरी न्याय दिसत नाही.

आता १८३८ च्या पट्ट्याने मिळालेला मळा घ्या. त्याखाली शेकडो एकर सदाहरित रान गाडले गेले आहे, पण मर्यादेची तारीख १८० वर्षांनंतरची. उद्या चहा यादीत आला तरी त्या मळ्याला अडचण येणार नाही. उलट जंगल केव्हा तोडले याचा सरकारी शिक्क्याचा पुरावा त्याच्या तिजोरीत आहे. अडचण येईल ती उत्तर बंगालच्या लहान चहा उत्पादकांना. तेथील निम्म्याहून अधिक हिरवी पाने आज त्यांच्याकडून येतात. दोन-चार बिघ्यांचा तुकडा, पाने दलालामार्फत 'बॉट लीफ' कारखान्यात, आणि जमिनीचा कागद पुष्कळदा आजोबांच्या नावे. मर्यादेची कोणतीही तारीख ठरवली की तिच्या आधी ज्यांनी तोडले ते सुटतात. तारीख ठरवल्याशिवाय नियम करता येत नाही हेही मला कळते. परंतु ज्यांनी आधी तोडले त्यांचीच वंशपरंपरा तारीख ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी बसलेली असावी, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

कोलकात्यातील ज्या व्यवसायाला हा प्रश्न प्रत्यक्ष जाऊन भिडला तो चामड्याचा. कायद्याच्या २०२३ च्या मूळ यादीत 'गुरे' या सदराखाली कातडी आणि कमावलेले चामडेही घेतले गेले. शहराच्या पूर्वेकडील टांग्रा, तिलजला, टोपसिया भागांत पाचशेहून अधिक टॅनऱ्या होत्या. त्यांपैकी बऱ्याच चिनी कुटुंबांच्या. १९ डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे गोदावर्मन आदेशानंतर बरोबर एका आठवड्याने, सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रदूषणामुळे हलवण्याचा आदेश दिला आणि बानतला येथे चर्मनगरी उभी राहिली. हातमोजे, पिशव्या, पाकिटे येथून युरोपला जातात. कोलकात्यातील वास्तव्यात मी तेथे काही वेळा गेलो आहे. टॅनरीच्या दारात खारवलेल्या कातड्यांची चळत लागलेली असते. त्यांतील एखादे बीरभूमच्या गोठ्यातले असेल, दुसरे बिहारमधले. गावात मेलेले जनावर सोलणाऱ्यापासून हाटातल्या फडियापर्यंत चार-पाच हात बदलून ते येथे आलेले असते. जनावर जेथे जेथे पाळले गेले त्या प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश या चळतीतून कसे काढायचे? आपल्या सरकारने गुरांच्या कानात बारा आकडी क्रमांकाचा बिल्ला मारण्याची मोहीम राबवली आहे, परंतु कातडे टॅनरीत पोहोचेपर्यंत तो बिल्ला कान कापला गेला तेथेच राहतो. रबराच्या गोळ्यासारखेच हेही. शिवाय बंगालमधील गाय जंगल तोडून केलेल्या कुरणावर चरत नाही. ती बांधावर, रस्त्याकडेला आणि भाताच्या पेंढ्यावर जगते. ॲमेझॉनमधील कुरणे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या नियमाला ती आपली निर्दोषता सांगणार तरी कशी? युरोपने मे २०२५ मध्ये भारताला 'कमी जोखमीचा' देश ठरवले, त्याने तपासणीचे प्रमाण घटले. जागा सांगण्याची अट मात्र राहिली.

काही माल मात्र असा आहे की, त्याला जंगल उभे राहिले तरच बाजार. पुरुलिया जिल्ह्यातील बलरामपूर आणि झालदा येथील लाख कोलकात्याहून जगभर जाते. लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर यांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढतो. झाड तोडले की पीक संपले. अशा मालाला जंगल राखल्याचे बक्षीस देणारे कलम मला या कायद्यात दिसले नाही. असो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे सारे दूरचे वाटत असेल तर दोन गोष्टींची आठवण करून देतो. ठाणे-कुलाब्याच्या भातशेतकऱ्याला १८७८ च्या वनकायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडणे कठीण झाले. राब भाजल्याशिवाय भाताचे रोप जोम धरत नाही, हे त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला. दुसरी गोष्ट अगदी आजची. सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात खाजगी जंगले तोडून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. मनाईच्या आधी तोड झालेल्या, मनाईनंतरच्या, आणि २०२० नंतरच्या अशा तीन प्रकारच्या बागांचा चीक एकाच गोदामात येऊ लागला, तर तेजपूरच्या वखारीची आठवण व्हायला हरकत नाही.

तरीही एका बाबतीत आपला शेतकरी त्रिपुराच्या किंवा बंगालच्या शेतकऱ्यापेक्षा बऱ्या स्थितीत आहे. रयतवारीमुळे आपल्याकडे गावोगाव तलाठी, आणि तलाठ्याकडे पीकपाहणी. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कोणत्या वर्षी कोणते पीक होते हे लिहिलेले असते, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच शेतात उभा राहून अक्षांश-रेखांशांसह छायाचित्र नोंदवतो. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्याने सरकारला गावाचे दप्तर ठेवण्याची गरजच उरली नाही. जमीनदाराने ठरलेली रक्कम भरली की, शेतात काय पिकते याची चौकशी करण्याचे कारण नव्हते. १८८५ च्या कुळकायद्यानंतर खतियान तयार होऊ लागले. पण खतियान हक्क सांगते, दरवर्षीचे पीक सांगत नाही. जुन्या महसूल पद्धतीतील हा फरक युरोपच्या बंदरातील तपासनिसाच्या टेबलावर आज पुन्हा जिवंत होतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, दाखला गोळा करण्याचे काम शेतकऱ्यावर किंवा दलालावर सोडू नये. दलालावर सोडले तर तो दाखल्याची किंमत भावातून कापून घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको. कॉफी मंडळाने मळ्यांच्या नोंदणीचे काम स्वतः हाती घेतले, रबर मंडळाने जानेवारी २०२५ मध्ये प्रमाणपत्राची व्यवस्था उभी केली. ही दिशा योग्य आहे. त्रिपुरात त्याच्या जोडीला वनखाते आणि महसूल खाते यांनी एकत्र बसून पट्ट्यांच्या जमिनीची एकच नोंद केली पाहिजे. दीडशे वर्षांपूर्वी कलकत्त्याच्या सचिवालयात जे जमले नाही ते आगरतळ्यात जमेल का, हे मात्र तेथील दोन सचिवांच्या परस्परसंबंधांवर अवलंबून आहे.

मध्यंतरी ओळखीच्या एका निर्यातदाराने मोठ्या समाधानाने मला सांगितले की, लहान शेतकऱ्यांना आता २०२७ पर्यंत सवड मिळाली आहे. हा गैरसमज बराच पसरलेला दिसतो, म्हणून खुलासा करतो. कायद्याची अंमलबजावणी मुळात ३० डिसेंबर २०२४ पासून व्हायची होती. ती एक वर्ष पुढे गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा एक वर्ष. त्याच वेळी छापील पुस्तके आणि वृत्तपत्रे यादीतून वगळण्यात आली. मोठ्या व मध्यम उद्योगांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि लहान व सूक्ष्म उद्योगांसाठी ३० जून २०२७ अशा तारखा तेव्हा ठरल्या. यांतील 'लहान' हा शब्द माल युरोपच्या बाजारात आणणाऱ्या उद्योगाला लागू आहे. दक्षिण त्रिपुरातील दीड हेक्टरवाल्याचा चीक जर मोठ्या टायर कंपनीच्या टायरमधून युरोपात जाणार असेल, तर त्याची तारीख कंपनीचीच, आणि कंपनी कागद मागणार ते त्याच्याही कित्येक महिने आधी.